पाळी जाण्याच्या काळातली घालमेल: हार्मोन घ्यावेत की मनाची गोळी?

अबोली_नाशिक:

नमस्कार मैत्रिणींनो (आणि मित्रांनो, वाचत असाल तर). वय ४७. गेलं वर्षभर पाळी कधी वीस दिवसांत येते, कधी अडीच महिने गायब. त्याचं मला फारसं काही वाटलं नाही, आईचंही असंच झालं होतं. पण त्याच्या जोडीने जे सुरू झालंय त्याने हैराण आहे. पहाटे तीनच्या सुमाराला जाग येते ती धडधडत्या छातीनेच. मानेमागे घाम. घरात सगळं ठीक असतं, तरी काहीतरी वाईट होणार असं वाटत राहतं. लेक होस्टेलला आहे, तिने फोन उचलला नाही की माझे हातपाय गार पडतात. बँकेत इतकी वर्षं कर्जाच्या फायली हातावेगळ्या केल्या, आता सही करताना तेच पान पुन्हा पुन्हा वाचते.

स्त्रीरोगतज्ज्ञ बाई म्हणाल्या, हे पेरिमेनोपॉजचं, म्हणजे पाळी जाण्याआधीच्या काळाचं आहे, इस्ट्रोजेनचं जेल आणि रात्री प्रोजेस्टेरॉनची गोळी सुरू करू. मानसोपचारतज्ज्ञ म्हणाले, अँग्झायटी म्हणजे चिंतेचा आजार आहे, त्यावरची एस्सिटालोप्रॅम ही गोळी कमी डोसपासून सुरू करू आणि फारच झालं तर थोडे दिवस क्लोनाझेपाम ही शांत करणारी गोळी. दोघांनीही वेळ दिला, नीट ऐकून घेतलं. दोन्ही चिठ्ठ्या पर्समध्ये आहेत आणि मी अजून एकही औषध आणलेलं नाही.

मावशीला ६३व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला होता, म्हणून हार्मोनचं नाव काढलं की आई घाबरते. मनाच्या गोळीचं नाव काढलं तर सासूबाई म्हणतात, एकदा सुरू झाली की जन्माची लागते. तुमच्यापैकी कोणी काय घेतलं, का घेतलं, पुढे काय झालं ते सांगाल का? "सगळ्या बायकांना होतं, सहन कर" हे मात्र सांगू नका, ते ऐकून झालंय.

रानजाई:

अबोली, आधी एक घट्ट मिठी. पहाटेचे तीन हे अगदी तंतोतंत माझं. मला वाटायचं हार्ट अटॅकच आला. ईसीजी काढला, टूडी इको झाला, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले "टेन्शन घेऊ नका" आणि घरी पाठवलं. टेन्शन मी घेत नव्हते हो, तेच मला घेत होतं.

सायली_डोंबिवली:

मला लोकलमध्ये झालं. फास्ट गाडी कुर्ल्याच्या पुढे थांबली, दारापाशी गर्दी, आणि एकदम श्वासच पुरेना. चौथ्या सीटवरच्या एका मावशींनी मला खिडकीपाशी बसवलं, पाणी दिलं, पर्समधल्या रुमालाने वारा घातला आणि म्हणाल्या, "पाळी जायला आली का गं?" सगळ्या डब्यासमोर! पण खरं सांगते, त्या एका वाक्याने मला जेवढं बरं वाटलं तेवढं कशानेच नाही. मी अजून काहीच घेतलेलं नाही, त्यामुळे हा धागा मलाही हवाय.

इंदू_५२:

कोणतीही चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये जाण्याआधी रक्त तपासा. टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन, बी१२, साखर. माझी "अँग्झायटी" अर्धी थायरॉइडची निघाली. थायरॉइड जास्त काम करत असेल तर धडधड, घाम, हात थरथरणं, झोप न लागणं, सगळं तसंच होतं. आणि ज्यांना महिनाआड धो धो जातं त्यांनी हिमोग्लोबिन बघाच. रक्त कमी असलं तरी जिना चढताना छाती धडधडते आणि आपण म्हणतो मन कमकुवत झालं.

गोदाकाठ:

+१ इंदूताई. आणि एफएसएच, ती पाळी जायला आली का ते बघायची हार्मोनची तपासणी, करून घ्या म्हणून कोणी मागे लागलं तर? माझ्या लॅबवाल्याने पॅकेजच गळ्यात घातलं.

डॉ_शमी:

मी कोल्हापूरला स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. कोणाला तपासल्याशिवाय इथून औषध सांगणार नाही, पण काही गोष्टी स्पष्ट करते.

गोदाकाठ, पंचेचाळिशीनंतर पाळी अनियमित आणि लक्षणं ठळक असतील तर एफएसएचची सहसा गरज नसते. या काळात ते आज एक, पुढच्या महिन्यात भलतंच येतं. पेरिमेनोपॉजमध्ये इस्ट्रोजेन हळूहळू उतरत जातं असा समज आहे. प्रत्यक्षात ते एखाद्या महिन्यात नेहमीपेक्षा वर जातं, मग कोसळतं. इस्ट्रोजेनचा मेंदूतल्या सेरोटोनिनशी जवळचा संबंध आहे. प्रोजेस्टेरॉनपासून शरीरात जो घटक बनतो तो मेंदूला शांत करणाऱ्या गाबा यंत्रणेवर काम करतो. स्त्रीबीज नियमित बाहेर पडेनासं झालं की तोही अनियमित होतो. म्हणून आयुष्यात कधी न घाबरलेली बाई या वयात घाबरते. ज्यांना पूर्वी पाळीआधी खूप चिडचिड व्हायची किंवा बाळंतपणानंतर उदासी आली होती, त्यांना हे चढउतार जास्त जाणवतात. अबोली, तुमचं तसं काही होतं का?

आता हार्मोनच्या भीतीबद्दल. ही भीती बरीचशी २००२ सालची आहे. त्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या अभ्यासाचा एक भाग मध्येच थांबवला गेला. त्यात १६,६०८ बायका होत्या, सरासरी वय ६३. म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन बरीच वर्षं झालेली. त्यांना घोडीच्या मूत्रापासून बनवलेलं इस्ट्रोजेन आणि मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन तोंडावाटे दिलं होतं. दर १० हजार बायकांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाच्या साधारण ८ केसेस जास्त आढळल्या. बातम्यांमध्ये तो आकडा टक्क्यांत आला, त्यामुळे फार मोठा वाटला आणि जगभर बायकांनी रातोरात औषधं बंद केली. ज्यांची गर्भपिशवी काढलेली होती आणि ज्यांना फक्त इस्ट्रोजेन दिलं होतं, त्यांच्यात स्तनाचा कर्करोग वाढला नाही, हे नंतर कळलं, पण ते पहिल्या पानावर आलं नाही.

धोका शून्य आहे असं मी म्हणत नाही. स्वतःला स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली असेल, यकृताचा चालू आजार असेल, कारण न कळलेला रक्तस्राव असेल, तर हार्मोन सहसा देत नाहीत. पण साठीच्या आतल्या किंवा पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या, बाकी निरोगी बाईला, गरम वाफा (अंगात एकदम उसळणारी उष्णता) आणि रात्रीच्या घामासाठी यापेक्षा परिणामकारक औषध नाही. जेल त्वचेवाटे जातं, त्यामुळे रक्ताच्या गुठळीचा धोका तोंडावाटेच्या गोळीपेक्षा कमी. गर्भपिशवी असेल तर प्रोजेस्टेरॉन सोबत हवंच, नाहीतर पिशवीचं अस्तर वाढतं. मावशीला उतारवयात झालेला कर्करोग म्हणजे तुम्हाला दार बंद असा अर्थ नाही. आई किंवा बहिणीला कमी वयात झाला असता तर वेगळं बोलावं लागलं असतं.

तुळस:

डॉक्टर, इतकं सोपं करून सांगितलंत, आभार. प्रिंट काढून भिशीत वाचते.

पश्चिमवारा:

मी लीड्सला असते. इथे उपचार कसे करावेत ते सांगणाऱ्या नाइस संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, २०१५ची, २०२४ला सुधारलेली. त्यात सीबीटी म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयींवर काम करणारं समुपदेशन हा पर्याय दिलाय. मी आठवड्याला एक तास ते केलं. धडधड सुरू झाली की "आता मरणार" हा विचार लिहायचा, मग पुरावा लिहायचा, मग जे टाळत होते तेच थोडं थोडं करायचं. मोटरवेवर गाडी चालवायची बंद केली होती, ती पुन्हा सुरू झाली. हार्मोनही घेते, इंग्लंडात एप्रिल २०२३ पासून वर्षाला एकदाच फी भरून त्याची औषधं मिळतात. दोन्ही एकत्र चालतात, कोणी एकच निवडायला सांगितलंय?

ओवी:

मी योग शिकवते, म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही. तुम्ही सगळ्या थेट औषधांवरच गेलात! भ्रामरी, अनुलोम-विलोम, शवासन नियमित करा. माझ्या वर्गातल्या कित्येक जणींना फरक पडलाय. शतावरी आणि अश्वगंधाही आहेत. आपल्या आज्यांनी कुठे हार्मोन घेतले होते?

इंदू_५२:

ओवी, योगाबद्दल पूर्ण मान्य, मीही करते. पण आज्यांचं म्हणशील तर माझी आजी पंचेचाळिशीत "अंगात येतं" म्हणून गावभर प्रसिद्ध होती. दर अमावास्येला घरात नुसती धावपळ. तिला काय होत होतं ते कोणी विचारलंच नाही. आज्यांनी घेतलं नाही, कारण त्यांना कोणी दिलं नाही.

डॉ_शमी:

ओवी, श्वसन आणि योगाने मन स्थिर व्हायला, झोपेला मदत होते, जरूर करावं. अमेरिकेतल्या मेनोपॉज सोसायटीने २०२३ मध्ये हार्मोनशिवायच्या उपायांचा आढावा घेतला. त्यात गरम वाफांसाठी सीबीटी आणि संमोहन यांची शिफारस आहे. योग, संथ श्वसन, सोया, वनौषधी यांचा वाफांवर पुरेसा परिणाम दिसला नाही म्हणून त्यांची शिफारस केलेली नाही. तुमचा वर्ग बंद करा असं कोणी म्हणत नाही.

अश्वगंधेबद्दल मात्र काळजीने सांगते. तिच्यामुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत आणि थायरॉइडचे हार्मोन वाढू शकतात. थायरॉइडची गोळी किंवा झोपेचं औषध चालू असेल तर न विचारता घेऊ नका. "आयुर्वेदिक आहे, काय होणार" म्हणून पेशंट मला सांगतच नाहीत आणि मी रिपोर्ट बघून चक्रावते.

ओवी:

हे मला माहीत नव्हतं. वर्गात दोघी थायरॉइडच्या आहेत, उद्याच त्यांना डॉक्टरांना विचारायला सांगते. पण श्वसनाची बाजू मी सोडणार नाही हं!

घाटमाथा:

पुरुष आहे, बोलू का? रत्नागिरीहून. बायको ४९ची. रात्री पंखा पाचवर, खिडकी सताड, मी दोन चादरी घेऊन कोपऱ्यात. त्याचं काही नाही. पण ती परवा म्हणाली, "मला माझीच ओळख पटत नाही." मला काय बोलावं सुचेना. नवऱ्याने नक्की काय करावं?

रानजाई:

तुम्ही विचारलंत हेच मोठं आहे, दादा. सांगते. एक, "शांत हो" म्हणू नका. दोन, डॉक्टरकडे सोबत जा आणि तिथे ती बोलत असताना मध्ये बोलू नका. तीन, सकाळचा स्वयंपाक तुम्ही घ्या, रात्रभर जागलेल्या बाईला गॅससमोर उभं राहणं नको होतं.

तुळस:

चौथं, सासरच्यांना तुम्ही सांगा. आमच्याकडे गौरी आल्या की पुरणपोळ्या मीच लाटायच्या हे ठरलेलं. वाफा यायला लागल्यावर यांनी घरात जाहीर केलं की यंदा पोळ्या चितळ्यांच्या येतील. दोन दिवस शांतता होती. मग सगळ्यांनी आवडीने खाल्ल्या.

माळरान:

मी बीड जिल्ह्यातली, उपकेंद्रात नर्स आहे. तुमचं सगळं वाचलं, पण आमच्याकडं गोष्ट वेगळीच हाय. आमच्या गावातल्या उसतोडीला जाणाऱ्या बाया पस्तिशीच्या आत पिशवी काढून मोकळ्या झालेल्या. अंगावरून जातंय, पोट दुखतंय म्हणून गेल्या की "पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल" असं सांगायचे. पाळीत खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो, त्यामुळं बाई पण तयार. २०१९ला गाजलं, नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, ८२ हजारांहून जास्त उसतोड बायांची पाहणी झाली. त्यात १३ हजारांवर जणींची पिशवी काढलेली निघाली.

त्या बाया आता माझ्याकडं येतात. "सिस्टर, जीव घाबरा होतो, झोप नाही, उगाच रडू येतं." वय काय तर ३८. काहींच्या पिशवीबरोबर अंडाशयंही काढलीत, आणि तिला ते माहीतच नाही. कागद हरवलेला. घरचे म्हणतात बाहेरचं झालंय, देवऋषाकडं नेतात. तालुक्याला नेलं तर झोपेची गोळी मिळते. ह्यांच्या घालमेलीला कोण मेनोपॉज म्हणतंय? चाळिशीच्या आत आहे म्हणून कोणाच्या डोक्यातच येत नाही.

डॉ_शमी:

माळरान, हे तुम्ही लिहिलंत म्हणून मी आज दवाखान्यातून आल्यावर सगळ्यात आधी इथे आले. दोन्ही अंडाशयं काढली की इस्ट्रोजेन हळूहळू नाही, एका दिवसात खाली येतं. त्यामुळे त्रासही जोरात होतो. चाळिशीच्या, पंचेचाळिशीच्या आत असं झालेल्या बाईला, तसं काही वर्ज्य कारण नसेल तर, नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत तरी हार्मोन द्यावेत असं सर्वमान्य मत आहे. कारण प्रश्न नुसत्या वाफांचा नसतो. हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. पिशवी नसल्यामुळे यांना बहुतेक वेळा एकटं इस्ट्रोजेनही पुरतं. फक्त पिशवी काढून अंडाशयं ठेवली असतील तरी ती लवकर थकू शकतात, आणि पाळी नसल्यामुळे ते कळतही नाही.

ऑपरेशनचा कागद, डिस्चार्ज कार्ड, काढलेल्या पिशवीचा तपासणी रिपोर्ट, जे मिळेल ते आणायला सांगा. कागद नसेल तर सोनोग्राफीचा आधार घेता येतो. आणि जिथे मानसोपचारतज्ज्ञ पोहोचत नाहीत तिथे टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चिकटवून ठेवा. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मोफत, मराठीत बोलता येतं. जगावंसंच वाटत नाही असं कोणी म्हणालं तर मात्र फोनवर थांबू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

माळरान:

नंबर उद्याच भिंतीला लावते. आशाताईंच्या ग्रुपवरही टाकते.

पाणकळा:

विषय गंभीर झालाय, तरी एक छोटा प्रश्न. संध्याकाळचा चहा सोडला तर खरंच फरक पडतो का? बाकी सगळं सोडेन.

सायली_डोंबिवली:

दुपारनंतरचा सोडून बघ. मला झोपेत फरक वाटला. सकाळचा मी देवालाही देणार नाही.

सुगरण_सातारा:

मनाच्या गोळीबद्दल कोणी सविस्तर बोललेलं नाही, मी बोलते. मी एस्सिटालोप्रॅम घेतलं. पहिला आठवडा वाईट होता, मळमळ, आणि घालमेल उलट वाढली. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की असं होईल, परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून टिकले. नाहीतर मी तिसऱ्या दिवशीच गोळ्या फेकल्या असत्या. मग एक दिवस लक्षात आलं की सकाळी गजर वाजेपर्यंत झोपले. वाफाही कमी झाल्या, ते अपेक्षित नव्हतं. लैंगिक इच्छा कमी झाली हेही सांगते, कारण हे कोणी सांगत नाही. डॉक्टरांशी बोलून डोस बदलला.

जन्माची लागते हे खरं नाही. मी दीडेक वर्षाने हळूहळू कमी करत बंद केली. अचानक थांबवायची नाही, एवढंच. सवय लागते ती अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम जातीच्या गोळ्यांची. आमच्या शेजारच्या काकू ती गोळी वर्षानुवर्षं मेडिकलमधून तशीच आणतात. अबोली, त्या गोळीबाबत डॉक्टरांना आधीच विचार की किती दिवस आणि बंद कधी.

डॉ_शमी:

सुगरण, उत्तम लिहिलंत. तुमच्या काकूंना मात्र कोणी एकदम बंद करायला सांगू नये. इतक्या वर्षांनंतर अचानक थांबवलं तर झटकेही येऊ शकतात, डॉक्टरांच्या देखरेखीत हळूहळूच कमी करायची. वाफांचं म्हणाल तर एस्सिटालोप्रॅमसारखी काही औषधं त्यासाठीही वापरतात. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या ज्या बायका टॅमॉक्सिफेन घेतात त्यांना यातलं पॅरॉक्सेटिन टाळतात, त्याने टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी होतो. त्यांना बहुधा व्हेनलाफॅक्सिन देतात.

गोदाकाठ:

मग मूळ प्रश्नाचं काय? अबोलीच्या पर्समध्ये अजून दोन चिठ्ठ्या आहेत.

पश्चिमवारा:

माझं मत. वाफा, रात्रीचा घाम आणि झोपमोड हे आधी सुरू झालं आणि घालमेल त्यामागून आली असेल, तर हार्मोनपासून सुरुवात करण्यात अर्थ आहे. घालमेल दिवसभर असेल, कामावर, गाडी चालवण्यावर परिणाम होत असेल, पूर्वी कधी असं झालेलं असेल, तर मनाचं औषध आणि समुपदेशन आधी.

डॉ_शमी:

बरोबर दिशा आहे. एक भर घालते: नैराश्य किंवा अँग्झायटीचा आजार पक्का झाला असेल तर तिथे पहिला मान मानसोपचाराच्या औषधांना आणि समुपदेशनाला आहे. हार्मोनचा निव्वळ अँग्झायटीवरचा पुरावा वाफांवरच्या पुराव्याइतका भक्कम नाही, हे मी स्त्रीरोगतज्ज्ञ असूनही सांगायला हवं. तसंच दोन्ही एकाच आठवड्यात सुरू करू नये, कशाने बरं वाटलं आणि कशाने त्रास झाला ते कळत नाही.

अबोली_नाशिक:

सगळं दोनदा वाचलं. माळरानचं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही.

रिपोर्ट आले. टीएसएच ठीक, हिमोग्लोबिन ८.९. गेल्या दोन पाळ्यांत खूपच गेलं होतं. स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना दाखवलं, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या म्हणाल्या, इतकं का जातंय ते बघितल्याशिवाय हार्मोन सुरू करायचे नाहीत, आधी सोनोग्राफी. आणि डॉक्टर, बाळंतपणानंतरच्या उदासीबद्दल विचारलं होतंत, त्याचं उत्तर हो आहे. लेक झाली तेव्हा काही महिने मी अशीच होते, रात्रभर तिचा श्वास तपासत बसायची. तेव्हा कोणी त्याला नाव दिलं नाही, मीही कोणाला सांगितलं नाही. हे मानसोपचारतज्ज्ञांना सांगितल्यावर ते म्हणाले, ही फार महत्त्वाची माहिती आहे. एस्सिटालोप्रॅम सुरू केलंय. क्लोनाझेपाम घेतलेलं नाही. समुपदेशनाची पहिली भेट झाली. दोघा डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखवल्या, दोघांनी फोनवर बोलूनही घेतलं. वाफा राहिल्याच तर सोनोग्राफीनंतर जेलचं बघू.

आईला २००२चं सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मला पण तेव्हा असंच व्हायचं, पण मी सांगणार कोणाला?"

रानजाई:

अबोली, शाब्बास. सोनोग्राफी कधी आहे?

अबोली_नाशिक:

मंगळवारी सकाळी. उपाशीपोटी जायचं की पाणी पिऊन, तेच विचारायचं राहिलं.

इंदू_५२:

पोटावरून करणार असतील तर भरपूर पाणी पिऊन, लघवी धरून. खालून करणार असतील तर लघवी करून जायचं. सेंटरला फोन करून विचारून घे. आणि एक वर्ष पाळी पूर्ण बंद राहून नंतर थोडासा जरी डाग दिसला, तर सगळ्याच जणी लगेच दाखवा, वाट बघू नका.

सायली_डोंबिवली:

मी पण शनिवारी टीएसएच आणि हिमोग्लोबिन द्यायला जातेय. डॉक्टर, एक शेवटचं: पाळी चार महिने आलेली नाही, वय ४८, आता गर्भनिरोधक बंद केलं तर चालेल का?

डॉ_शमी:

नाही. पन्नाशीच्या आत शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षं आणि पन्नाशीनंतर एक वर्ष चालू ठेवायचं. हार्मोनची उपचारपद्धती म्हणजे गर्भनिरोधक नव्हे, हेही लक्षात ठेवा. शनिवारचे रिपोर्ट आले की तुमच्या डॉक्टरांना दाखवा, आणि लोकलमध्ये जे झालं तेही त्यांना सांगा.